अंगण सरळ करण्याची कृती: नवशिक्यांसाठी घरगुती स्की

पात्रता

घरी स्की बनवायला लागणारी पहिली पात्रता म्हणजे स्की करता न येणं. ज्यांना येतं ते भाड्याने आणलेली कुठलीही फळकुटं पायाला अडकवून डौलात उतार उतरतात; त्यांना सुतारकामाची बुद्धी होत नाही. आपण पडतो. पहिल्या हिवाळ्यात दोष बर्फाचा असतो, दुसऱ्यात बुटांचा, तिसऱ्यात शिकवणाऱ्याचा. चौथ्या हिवाळ्यात दोष द्यायला फक्त स्की शिल्लक राहतात. ही पुस्तिका त्या चौथ्या हिवाळ्यातल्या माणसांसाठी आहे.

मी मूळची सांगलीची. बर्फाशी माझा संबंध काला खट्टा गोळ्यापुरता होता. नोकरीने म्युनिकला आणलं आणि ऑफिसातल्या मंडळींनी झुडेलफेल्डच्या उतारावर. तिथे चार-चार वर्षांची पोरं, हातात काठीसुद्धा न घेता, माझ्या दोन्ही बाजूंनी सूं करून निघून गेली. मी बर्फात बसून राहिले. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण मला लहानपणापासून ऐकवली गेली आहे. पण अंगण खरोखरच वाकडं असेल तर, हे कुणी मोजून का बघत नाही?

एका माणसाने बघितलं. हॉवर्ड हेड हा विमानाच्या कारखान्यातला अमेरिकन अभियंता. १९४०च्या दशकात तो पहिल्यांदा स्की करायला गेला, यथेच्छ पडला आणि दोष लाकडी स्कींचा आहे असं ठरवून घरी आला. विमानाला चालते ती रचना स्कीला का चालू नये, म्हणून त्याने वर-खाली अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि मधे हलका गाभा असं सँडविच बांधलं. पहिल्या सहा जोड्या त्याने व्हरमाँटमधल्या स्टो इथल्या प्रशिक्षकांना वापरायला दिल्या. सहाही मोडल्या. तीनेक वर्षं आणि चाळीसच्या आसपास नमुने खर्ची पडल्यावर १९५० साली ‘हेड स्टँडर्ड’ बाजारात आली. त्या स्कीवर वळणं इतकी सोपी झाली की लोक तिला ‘चीटर’ म्हणू लागले. पुढे कंपनी विकून हा गृहस्थ टेनिस खेळू लागला, तिथेही त्याला जमेना, तिथेही त्याने रॅकेटला दोष दिला, आणि १९७६मध्ये ‘प्रिन्स’ची मोठ्या तोंडाची रॅकेट आणली. एका जन्मात दोनदा अवजाराला दोष देऊन दोन्ही वेळा खरा ठरलेला हा आपल्या पंथाचा आद्यगुरू. कामाला बसण्यापूर्वी त्याचं स्मरण करावं. मोडलेल्या सहा जोड्यांचंही करावं.

जागा

अमेरिकेत हे काम गॅरेजमध्ये करतात. जर्मनीत फ्लॅटबरोबर तळघरात एक जाळीची खोली मिळते, तिथे करावं. खोली निदान स्कीपेक्षा लांब हवी. हे वाक्य विनोदाने लिहिलेलं नाही. माझी खोली एक मीटर नव्वद, पहिली स्की एक मीटर ऐंशी. रंधा मारताना कोपर ठेवायला दहा सेंटीमीटर उरत.

रविवारी आणि रात्री आवाज करायचा नाही, हा इथला नियम बर्फापेक्षा कडक आहे. त्यामुळे कामाचे प्रकार दोन करा: करवत, राउटर आणि सँडर शनिवारी, मोजणं, पुसणं, चिकटवणं आणि पश्चात्ताप रविवारी.

आराखडा

नवशिक्याला वाटतं, स्की म्हणजे पुढून वळवलेली फळी. वाटण्यात थोडं तथ्य आहे. ‘स्की’ हा शब्द ज्या जुन्या नॉर्स शब्दावरून आला, त्याचा अर्थच चिरलेलं लाकूड. (तुमची पहिली स्की उभी चिरली तर ती मोडली असं म्हणू नये, ती व्युत्पत्तीकडे परतली असं म्हणावं.) पण वरून बघा, बाजूने बघा: लांबीच्या दिशेने स्कीमध्ये सरळ रेघ एकही नसते. हे अंगण वाकडंच करायचं असतं. आराखडा म्हणजे ते किती वाकडं, एवढंच ठरवणं.

पहिला वाकडेपणा कमरेचा. स्की टोकाशी रुंद, मध्ये अरुंद, शेपटीशी पुन्हा रुंद असते. याला साइडकट म्हणतात. स्की कुशीवर कलली की ही कड बर्फावर कमानीसारखी टेकते आणि आपोआप वळण घेते. नॉर्वेतल्या टेलेमार्क प्रांतात, मोर्गेदाल गावच्या सोंद्रे नोरहाइमने (१८२५ ते १८९७) अशा कमर असलेल्या स्कींना नाव मिळवून दिलं. तो गरीब शेतमजूर होता आणि आपल्या स्की स्वतः करायचा, हे इथे मुद्दाम नोंदवते.

आता आकडे. समजा टोक १३०, कमर १००, शेपटी १२० मिलिमीटर. टोक आणि शेपटीची सरासरी १२५. त्यातून कमर वजा केली की २५. त्याच्या निम्मे साडेबारा. म्हणजे एका बाजूची कमान साडेबारा मिलिमीटर खोल. या कमानीची लांबी १.४ मीटर धरा. लांबीचा वर्ग १.९६, त्याला खोलीच्या आठपटीने, म्हणजे ०.१ने भागा. उत्तर १९.६ मीटर. तुमची स्की एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा आहे. खोली दहा मिलिमीटर केली तर त्रिज्या साडेचोवीस मीटर होते; पंधरा केली तर सव्वासोळा. अडीच मिलिमीटर इकडेतिकडे झाले, तर वळण पार्किंगच्या या टोकाऐवजी त्या टोकाला संपतं. जुन्या स्कींची त्रिज्या चाळीस मीटर आणि त्याहूनही मोठी असे. १९९०च्या दशकात स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने खोल कमरेच्या स्की आणल्या आणि बघताबघता सगळ्या जगाच्या स्कींना कंबर आली.

दुसरा वाकडेपणा बाजूने दिसणारा. स्की सपाट जमिनीवर ठेवली तर मध्ये थोडी उचललेली असते. तो कॅम्बर. उभं राहिलं की धनुष्याची दोरी ताणल्यासारखा तो दबतो आणि टोक-शेपटी बर्फावर रुततात. घट्ट बर्फाला हे चांगलं. उलट टोकं आधीच वर उचललेली असतील तर तो रॉकर. भुसभुशीत बर्फात स्की त्याच्यामुळे होडीसारखी वर तरंगते. शेन मॅकॉन्की नावाच्या उपद्व्यापी स्कीपटूने पाण्यावरच्या स्की घेऊन थेट अलास्कातले डोंगर उतरून दाखवले, आणि त्या खटाटोपातून २००२मध्ये व्होलांट कंपनीची ‘स्पॅट्युला’ निघाली: कॅम्बर उलटा, कमरेच्या जागी पोट. लोक हसले. आज दुकानातल्या निम्म्या रुंद स्कींची टोकं तिच्याकडूनच उसनी घेतलेली वाटतात.

नवशिक्याने काय करावं? चोरी. जी भाड्याची स्की तुम्हाला सगळ्यात कमी पाडते, ती ब्राउन पेपरवर ठेवून पेन्सिलीने गिरवून घ्या. दर दहा सेंटीमीटरला रुंदी मोजा. स्वतःची प्रतिभा दुसऱ्या जोडीसाठी राखून ठेवा.

साहित्य

गाभा. स्कीचा जीव लाकडी गाभ्यात असतो. अ‍ॅश हे युरोपातलं जुनं, चिवट लाकूड. आपल्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्याला बाभूळ वापरतात, तसं इथे अ‍ॅश. घनमीटरला साधारण ६८० किलो. पॉप्लर हलकं, ४५०च्या आत. पॉलोनिया तर २८०च्या घरात. हातात घेतलं की थर्मोकोल वाटतं. एका स्कीच्या गाभ्याचं आकारमान सुमारे १४०० घनसेंटीमीटर धरलं, तर पॉलोनियाचा गाभा ४०० ग्रॅमला बसतो आणि अ‍ॅशचा साडेनऊशेला. डोंगर स्वतःच्या पायांनी चढणार असाल तर हा फरक पावलागणिक कळतो. लिफ्टने जाणार असाल तर जड स्कीच खडबडीत बर्फावर शांत राहते. पॉलोनियात स्क्रू धरत नाही, म्हणून पावलाखाली अ‍ॅश किंवा मेपलच्या पट्ट्या घालाव्या लागतात. बांबूही चालतो, उत्तम चालतो, आणि काही कंपन्या तो वापरतातही.

माझे बाबा आयटीआयमध्ये सुतारकामाचे निदेशक होते. व्हिडिओ कॉलवर त्यांना लाकूड दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, “अगं, अख्खी फळी घेऊ नकोस. पट्ट्या काढ आणि रेषा उलटसुलट ठेवून जोड. एक अशी, एक तशी. लाकडाला पीळ खायचा असेल तर आपसात भांडू देत, तुझ्याशी नको.” बर्फ न बघितलेल्या माणसाने स्कीच्या गाभ्याची पद्धत तंतोतंत सांगितली. मग त्यांनी विचारलं, “एवढा खटाटोप करून माणूस शेवटी डोंगरावरून खालीच येणार ना?” या प्रश्नाचं उत्तर या पुस्तिकेच्या कक्षेबाहेर आहे.

तळ. हा अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिनचा, मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर जाडीचा पट्टा. कृत्रिम गुडघ्याच्या सांध्यातही याच जातीचं प्लॅस्टिक असतं, त्यामुळे हे काम तुमच्या गुडघ्यांशी दोन्ही अंगांनी जोडलेलं आहे. याचा स्वभाव मुरलेल्या अधिकाऱ्यासारखा: काहीही अंगाला लावून घेत नाही. बर्फावर तो गुण, चिकटवताना दुर्गुण. म्हणून तळ विकत घेताना एक बाजू चिकटवण्यासाठी तयार केलेलाच घ्या, आणि त्या बाजूला बोट लावू नका.

कडा. पोलादाच्या, आतल्या बाजूला दाते असलेल्या. दाते फायबरच्या थराखाली रुतून बसतात. कडांवरून रबराची पातळ पट्टी जाते, कारण पोलाद, प्लॅस्टिक आणि काच थंडीत वेगवेगळ्या मापाने आक्रसतात. रबर त्यांची मांडवली करतं.

फायबरग्लास. गाभ्याच्या वर एक थर, खाली एक थर. ताकद इथे आहे. लाकडाचं मुख्य काम दोन्ही थरांना एकमेकांपासून लांब ठेवणं. वरचा आणि खालचा थर सारख्या वजनाचा घ्या, नाहीतर साच्यातून निघालेल्या स्कीचा आकार तुम्ही ठरवलेला नसेल. कापताना लांब बाह्यांचा शर्ट घाला. मी घातला नव्हता. तीन दिवस खाजवत होते.

इपॉक्सी. संथ घट्ट होणारं घ्या. आईच्या स्वयंपाकात ‘अंदाजे’ हे माप चालतं, इथे चालत नाही. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा, आणि तो काटा परत स्वयंपाकघरात नेऊ नका. हार्डनर जास्त घातला म्हणजे लवकर वाळतं, हा गैरसमज आहे. जास्त घातला की कायमचं चिकट राहतं.

कृती

१. गाभा रंधून त्याला जाडी द्या: टोकांना दोन मिलिमीटर, पावलाखाली अकरा, आणि मधला उतार एकसारखा. राउटरला दोन उतरत्या पट्ट्यांवर सरकवलं की हे जमतं. लक्षात ठेवा, ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. अकराचे बारा झाले की स्की तीस टक्के ताठ होते. ही ओळ दोनदा वाचा. मी एकदाच वाचली होती.

२. प्लायवुडच्या फासळ्या कापून साचा करा. कॅम्बर, टोकाचं वळण, सगळं यात येतं. साचा नीट झाला तर दहा जोड्या निघतात. वाकडा झाला तरी दहा निघतात.

३. पोलादी कडा हाताने वाकवून तळाभोवती बसवा आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या थेंबांनी धरून ठेवा. इथे बोटंही चिकटतात. घाबरू नका, नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन जवळ ठेवा.

४. सगळं साहित्य लावण्याच्या क्रमाने मांडा: तळ, रबर, फायबर, गाभा, फायबर, वरचा कागद. एकदा कोरडी तालीम करा. इपॉक्सी कालवल्यावर विचार करायला वेळ नसतो.

५. इपॉक्सी कालवा आणि थर चढवा. एकाने लावायचं, दुसऱ्याने घड्याळ बघायचं. दुसऱ्याने ‘मी आधीच सांगितलं होतं’ म्हणायचं नाही. आमच्याकडे ही अट नंतर घालण्यात आली. श्वासाला मास्क, हाताला मोजे, खिडकी उघडी. उरलेलं इपॉक्सी कपात साठवून ठेवू नका. घट्ट होताना ते तापतं आणि कपातून धूर येऊ लागतो. धूर आला की धोक्याची घंटा वाजते, आणि घंटा वाजली की शेजारी येतात, रविवार असला तरी.

६. आता दाब. उत्साही लोक लोखंडी तुळयांच्या चौकटीत आगीच्या बंबाचा पाइप घालून त्यात हवा भरतात. हिशेब करा: स्कीचं क्षेत्रफळ सुमारे दोन हजार चौरस सेंटीमीटर, दाब चौरस सेंटीमीटरला तीन किलो, म्हणजे एकूण सहा टन. एक मोठा हत्ती. चौकटीचं वेल्डिंग कच्चं असेल तर तो हत्ती तळघरात मोकळा सुटतो. नवशिक्याने हे करू नये. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पंपाने हवा काढा. मग दाब देणारं खुद्द वातावरण असतं. ते चौरस सेंटीमीटरला एक किलोपेक्षा जास्त देत नाही, पण फुकट देतं आणि उडून अंगावर येत नाही. पिशवीला सुईएवढं भोक असेल तर पंप रात्रभर घुरघुरतो. शिट्टी ऐकू येते का ते कान लावून बघा.

७. तळघर थंड असेल तर इपॉक्सी वाळत नाही. विजेचं ब्लँकेट वरून घाला. त्या आठवड्यात घरात ज्याच्या पायांना थंडी वाजेल त्याला, हे ब्लँकेट कुठे गेलं, असं विचारू द्यावं.

८. दुसऱ्या दिवशी पिशवी फाडा. आत जे निघेल त्याला स्की म्हणायचा धीर होत नाही: चारी बाजूंनी काच आणि राळ ओघळलेलं एक लांबोडकं धूड. घाबरू नका. करवतीने कडेकडेने कापा, कानशीने कडा लावा, तळ घासा. हळूहळू आतून स्की बाहेर येते. मूर्तिकार म्हणतात तसं आध्यात्मिक काही इथे नाही. सँडरला दीड तास लागतो.

९. बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारी यंत्रणा, घरी बनवू नका. पडताना ती ठरलेल्या ताणाला उघडते, म्हणून नडगीचं हाड शाबूत राहतं. ती विकत घ्या आणि माहितगाराकडून बसवून घ्या. आमच्या दुकानदाराने माझी स्की उलटीपालटी करून बघितली आणि कोणत्या कंपनीची म्हणून विचारलं. मी स्वतःचं आडनाव सांगितलं. त्याने स्क्रू कितपत धरतात ते एका कोपऱ्यात तपासलं, आणि जबाबदारी माझी असल्याचं माझ्याकडून लिहून घेतलं.

चाचणी

ती जोडी घेऊन मी झुडेलफेल्डला गेले. उजव्या वळणाला ती लोण्यासारखी वळली. डाव्या वळणाला, जिथे भार उजव्या स्कीवर येतो, तिने आधी विचार केला, मग नकार दिला, आणि मी कुंपणाच्या जाळीत गेले. घरी येऊन कॅलिपर लावला. डाव्या स्कीचा गाभा अकरा मिलिमीटर, उजवीचा बारा. पहिल्या पायरीतली ती ओळ. दुपारपर्यंत डाव्या स्कीची शेपटी सुटून पुस्तकासारखी उघडली होती. तिथे मी चिकटवण्याआधी बोटाने धूळ पुसली होती.

तरी एक गोष्ट नोंदवून ठेवते. पुढच्या वेळी जाळीकडे जाताना, का जातेय, हे मला माहीत होतं. उजवी स्की एक मिलिमीटर जाड आहे, म्हणून तिला लवकर कलवायला हवं, जोर आधी द्यायला हवा. मी तसं केलं. वळली. चार हिवाळ्यांत शिकवणाऱ्याने हेच सांगितलं असणार, पण तेव्हा मी दोष कुणाला द्यावा या विचारात होते.

खर्च विचाराल, तर पहिल्या जोडीच्या पैशात दुकानातून दोन जोड्या आल्या असत्या, तीस टक्के फरक नसलेल्या. बाबांना विचाराल, तर ते म्हणतात जोडीचा मेळ जमला नाही, रंधा शिकायला सांगलीला ये. मला विचाराल, तर अंगण वाकडंच असतं. ते किती मिलिमीटरने वाकडं आहे हे ज्याने मोजलं, त्याला म्हण ऐकवायचा हक्क कुणाला नाही.

दुसऱ्या जोडीचं अ‍ॅश आणून ठेवलं आहे. या वेळी दोन्ही गाभे एकाच बैठकीत रंधणार आहे. शनिवारी.